लग्नाचे फोटो कोणाला दाखवावेत?

लग्नाचा अल्बम घरी आला की घरातली मंडळी त्यात माणसे शोधतात. आजी कशी दिसते, मामांचा फेटा नीट बसला होता का, नागपूरची आत्या कुठल्या फोटोत आहे, पंगतीत कोण कोणाशेजारी बसले होते. 'फोटो छान आलेत' असे कोणी म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा त्याला 'आपली माणसे छान दिसताहेत' असे म्हणायचे असते. ही दाद खोटी नसते. लग्नाचा फोटो ज्यासाठी काढतात ते काम त्या वेळी पुरे होतच असते. पण फोटो काढणाऱ्याने या दादेवरून आपल्या कामाची परीक्षा केली तर तो फसतो, कारण तिच्यातला मोठा वाटा पाहणाऱ्याच्या मायेचा असतो. आजोबांचा किंचित हललेला, अर्ध्या अंधारातला फोटो ते गेल्यानंतर घरातला सर्वांत मोलाचा फोटो होतो. म्हणून काही तो चांगला काढलेला होता असे ठरत नाही. लग्नाचे फोटो काढणारा माणूस आपल्या कामात सुधारतो तरी कसा, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका सरळ राहत नाही. माझे म्हणणे असे, की या धंद्यात नुसता अनुभव फार थोडे शिकवतो आणि गिऱ्हाइकाचे समाधान त्याहूनही थोडे. हेच काम करणाऱ्या दुसऱ्या फोटोग्राफरने आपले काम बारकाईने पाहावे आणि त्यावर बोलावे, यातून खरे शिक्षण होते. मात्र ते पाहणे-बोलणे कसे होते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

अनुभवाने माणूस शहाणा होतो हे आपण इतके गृहीत धरतो की त्यालाही काही अटी आहेत हे विसरतो. रॉबिन होगार्थ या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली अंतःप्रेरणेवर लिहिलेल्या पुस्तकात या अटींचा विचार केला आहे. त्याच्या मते काही कामांत केलेल्या कृतीचा परिणाम लगेच आणि स्पष्ट दिसतो, तिथे अनुभव खरे शिकवतो. काही कामांत परिणाम उशिरा, अर्धवट किंवा भलत्याच कारणाने दिसतो, आणि तिथे अनुभव चुकीचे धडे देऊन वर आत्मविश्वासही वाढवतो. त्याने दिलेले एक उदाहरण विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात एक डॉक्टर टायफॉइडचे अचूक निदान करण्यासाठी नावाजलेला होता. तो रुग्णांची जीभ बोटांनी चाचपायचा आणि कोणाला टायफॉइड होणार ते लक्षणे दिसण्याआधीच सांगायचा. भाकीत खरे ठरायचे, कारण एकाची जीभ चाचपून झाल्यावर हात न धुताच तो दुसऱ्याकडे जायचा. प्रत्येक नव्या रुग्णागणिक त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतच गेला असणार.

लग्नाची फोटोग्राफी या दुसऱ्या प्रकारात मोडते. लग्न पुन्हा होत नाही, म्हणून तोच क्षण वेगळ्या जागेवरून टिपला असता तर काय झाले असते हे कधीच कळत नाही. स्टेजवरच्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडावर समोरून फ्लॅश मारणाऱ्याला वीस वर्षे तीच दाद मिळत राहते, आणि वीस वर्षे चाललेली पद्धत बरोबरच असणार असे त्याला वाटू लागते. त्याहून मोठी अडचण न काढलेल्या फोटोची आहे. गौरीहरापाशी बसलेली नवरी मामाच्या हाताला धरून मांडवाकडे निघते, त्या वाटेवर तिचा धाकटा भाऊ तोंड फिरवून डोळे पुसतो. फोटोग्राफर तेव्हा स्टेजवर नवरदेवाच्या मुंडावळ्या टिपत असेल तर हा फोटो जगात नसतोच. जो फोटो नाही त्याची तक्रार कोणी करत नाही. चुकांचे परिणाम दिसण्याचा मार्गच इथे बंद आहे, आणि तो उघडायचा तर दुसऱ्या जाणकाराने आपले सगळे फोटो पाहून 'अरे, नवरी आली कुठून? ते दिसतच नाही,' असे विचारावे लागते.

घरच्यांची तक्रार येते तेव्हाही ती दुखण्याची असते, कारणाची नसते. मोठ्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या काकू म्हणतात, 'यात मी फारच जाड दिसते.' फोटोग्राफर मनाशी म्हणतो, यांना स्वतःचा कुठलाच फोटो आवडणार नाही. पण जागा कमी पडली म्हणून त्याने सोळा किंवा वीस मिलिमीटरची लेन्स लावलेली असते, आणि एवढ्या रुंद लेन्समध्ये चौकटीच्या कडेची माणसे बाहेरच्या बाजूला ताणली जातात. काकूंचे म्हणणे खरे असते, त्यांना फक्त लेन्सची भाषा येत नसते. दुसरा फोटोग्राफर एका नजरेत सांगेल, की दोन रांगा कर, चार पावले मागे जा आणि पस्तीसने काढ. 'चेहरे पिवळे आलेत' या तक्रारीचेही असेच. मांडवाला केशरी कापडाचे छत असेल आणि फ्लॅश वर उडवला असेल, तर तो छतावरून केशरी होऊनच खाली उतरतो. शिवाय कार्यालयाच्या खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड आणि स्टेजवर पिवळे दिवे. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात आणि संगणकावर एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. घरच्यांना पिवळेपणा दिसतो. तो छतावरून आला की दिव्यांतून, हे ओळखायला त्याच छताखाली काम केलेला माणूस लागतो.

अंतरपाटाचा क्षण या दृष्टीने नीट तपासण्यासारखा आहे. शेवटचे मंगलाष्टक संपते, 'शुभमंगल सावधान' होते, अंतरपाट बाजूला जातो, चारी बाजूंनी अक्षता येतात, वाजंत्री सुरू होते आणि हार घातले जातात. यातला जो भाग सगळ्यांना हवा असतो, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे पाहण्याचा, तो फार तर दोन-तीन सेकंदांचा असतो. आता उजेड पाहू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेग वाढवला की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. पट्टे टाळायला शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवावे, तर अक्षता आड येतात. केवळ मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या तांदळाच्या दाण्याचा वेगही शेवटी सेकंदाला सुमारे साडेचार मीटर होतो. १/१०० सेकंदात तो साडेचार सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत दाणा न दिसता पांढरी रेघ दिसते. रेघा टाळायच्या तर पट्टे, पट्टे टाळायचे तर रेघा. यातून सुटायला फ्लॅश लागतो, कारण कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि दाणा हवेत थांबल्यासारखा दिसतो. पण फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच असला तर लेन्सजवळून जाणारे दाणे मोठे पांढरे गोळे होऊन नेमके नवरीच्या चेहऱ्यावर बसतात. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला किंवा थोडा मागे स्टँडवर हवा. आणि स्टँड ठेवायचा तर करवल्या, मामा आणि गुरुजी कुठे उभे राहणार हे आधी ठाऊक हवे.

एका क्षणामागे एवढ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. ज्याचे फोटो पट्ट्यांनी बिघडले तो एकटा बसून पुढच्या वेळी शटर कमी करील, त्याच्या पुढच्या वेळी रेघांनी हैराण होईल, आणि कदाचित शेवटी 'अक्षतांचे फोटो नीट येतच नाहीत' असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. प्रत्येक प्रयत्नात एक पूर्ण लग्न खर्ची पडते, तेही दुसऱ्याचे. ज्याने हा गुंता आधी सोडवला आहे तो दोन फोटो पाहून दहा मिनिटांत सांगू शकतो. इथे टीका शिकणाऱ्याचा वेळ तर वाचवतेच, पण ज्यांचे लग्न प्रयोगात वाया जाणार होते त्यांनाही वाचवते. मला हा मुद्दा नैतिक वाटतो. चुकत चुकत शिकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे हे ठीक, परंतु जिथे चुकीची किंमत दुसऱ्याने मोजायची असते तिथे आधी विचारून घेणे हे कर्तव्यच आहे.

फोटोग्राफरने स्वतःच आपले फोटो कठोरपणे पाहिले तर? पाहावेतच, पण त्यालाही मर्यादा आहे. फोटो काढताना जे घडले ते सगळे त्याच्या आठवणीत असते आणि पाहताना तीच आठवण फोटोत मिसळते. खुर्चीवर चढून, धक्के खात, महत्प्रयासाने मिळवलेला फोटो त्याला उत्तम वाटतो, कारण त्याला त्यात आपला प्रयास दिसतो. बघणाऱ्याला तो दिसत नाही. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकेतला रस्त्यावरच्या जीवनाचा मोठा छायाचित्रकार. काढलेले रोल तो मुद्दाम वर्ष-दोन वर्षे धुवायचाच नाही. काढतानाची भावना ओसरावी आणि मग परक्याच्या नजरेने निवड करता यावी, हा त्याचा हेतू होता. १९८४ साली तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. लग्नाच्या फोटोग्राफरला ही चैन परवडणारी नाही. घरून चौथ्या दिवशी फोन सुरू होतात. जे अंतर विनोग्रँडला काळाने मिळायचे ते इथे दुसऱ्या माणसाकडूनच घ्यावे लागते. तो लग्नाला नव्हता, त्याला खुर्ची आणि धक्के माहीत नाहीत, म्हणूनच त्याला फोटो दिसतो.

ही काही नवी कल्पना नाही. १८३९ साली दगेरची फोटो काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाल्यावर पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. लंडनची अशी संस्था तिच्याहून एकच वर्षाने मोठी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते आणि या मुंबईच्या संस्थेचे सभासदही होते. नवे रसायन, नवा कागद, इथल्या उष्ण-दमट हवेत बिघडणाऱ्या काचा यांची विलायती पुस्तकांत उत्तरे नसत. सभासदांनी एकमेकांचे ठसे पाहणे आणि कृती सांगणे हाच मार्ग होता. पुढे १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, १९५३ मध्ये देशभरातल्या क्लबांचा महासंघ झाला, आणि सलॉनची परंपरा रुजली. परीक्षक बसतात, एकेक चित्र समोर येते, गुण दिले जातात. या परंपरेने आपल्याकडच्या कितीतरी हौशी माणसांना रचना आणि छपाई शिकवली, तिचे ऋण मान्य करायलाच हवे.

पण लग्नाच्या कामाला सलॉनची पद्धत अपुरी पडते. सलॉनमध्ये एकटे चित्र जाते, तेही छायाचित्रकाराने स्वतः निवडलेले. लग्नात मात्र काम एका चित्राचे नसते. सकाळच्या देवक-पुण्याहवाचनापासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत दिवस सांगायचा असतो, आणि त्यात चार अप्रतिम फोटो असूनही दिवस हरवलेला असू शकतो. म्हणून सहकाऱ्याला दाखवायचे ते उत्तम वीस फोटो नव्हेत. एखाद्या विधीचे कॅमेऱ्यातून निघाले तसे, क्रमाने, चुकलेल्यांसह सगळे फोटो दाखवावेत. रोलच्या काळात हे काम कॉन्टॅक्ट शीट करायची. छत्तीस छोट्या चौकटी एकाच कागदावर, त्यांत छायाचित्रकार कुठे घुटमळला, कुठे घाईने पुढे गेला, कुठे क्षण हुकला हे सगळे उघड दिसायचे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ, ज्याच्या १९५२ च्या पुस्तकामुळे 'निर्णायक क्षण' ही कल्पना जगभर पसरली, तो आपल्या कॉन्टॅक्ट शीट दाखवायला नाखूष असे, यात नवल नाही. शिकायला मात्र त्याच उपयोगी. १९४७ साली त्याने इतरांबरोबर स्थापन केलेल्या मॅग्नम या संस्थेत आजही नव्या उमेदवाराचे काम सभासद छायाचित्रकार एकत्र बसून पाहतात आणि मतदानाने ठरवतात. मालक किंवा गिऱ्हाईक तिथे निर्णय देत नाही.

सगळा क्रम समोर असला की कोणत्या गोष्टी दिसतात? मंगलाष्टकांचे साठ फोटो आहेत आणि साठही एकाच जागेवरून आहेत. नवरीचे पंचेचाळीस, नवरदेवाचे नऊ. अंतरपाट दूर होण्याआधी सात सेकंद एकही फोटो नाही, कारण फोटोग्राफर मागच्या फोटोची स्क्रीन बघत होता; फायलीवरची वेळ हे बिनचूक सांगते. कानपिळीच्या वेळी हसणाऱ्या मेहुण्यावर फोकस आहे आणि ज्याचा कान पिळला तो धूसर, कारण ८५ मिलिमीटरची लेन्स १.४ वर उघडून दोन मीटरवरून फोटो काढला की स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम साडेचार सेंटिमीटर उरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, नवरीची आई कुठेच नाही. काही घरांत अशी रीत आहे की मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी बसते. परगावचा किंवा परदेशातला परीक्षक या साठ फोटोंना रचनेसाठी गुण देईल, पण आई राहिली हे त्याला कळणार नाही. आपल्याकडची लग्ने काढलेला सहकारी पहिलाच प्रश्न तो विचारील. म्हणून मला जगभरच्या स्पर्धांपेक्षा तालुक्यातल्या चार फोटोग्राफरांची बैठक अधिक मोलाची वाटते. सूनमुखाच्या वेळी सासूच्या हातातल्या आरशात नवरीचा चेहरा दिसायला कॅमेरा कुठे हवा, झाल धरताना कोण कोणाला झाकते, होमाचा धूर कार्यालयातल्या पंख्याने कुठे जातो, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते या लोकांच्या पायांत आहे.

या बैठकीत कोण बसले आहे याचाही विचार हवा. नवरीला हिरवा चुडा भरतात, शालू नेसवतात, त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला दारापर्यंतच जागा असते. तिथे काय घडते आणि काय टिपायचे राहते हे ज्या मुलींनी आता या धंद्यात पाय रोवला आहे त्या जाणतात. टीका करणारे सगळेच दाराबाहेर उभे राहणारे असतील तर खोलीतली उणीव कोणाच्याच लक्षात यायची नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. टीकेने माणूस सुधारतोच असे नाही. कित्येक जण खचतात, काही जण हट्टाला पेटतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरावाही आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ साली, कामावरचा अभिप्राय आणि कामातली सुधारणा यांचा संबंध तपासणारे जुने-नवे प्रयोग एकत्र करून पाहिले. सहाशेहून अधिक निष्कर्षांची त्यांनी छाननी केली. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असे दिसले, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडले होते. त्यांनी दिलेली उपपत्ती अशी, की अभिप्राय ऐकणाऱ्याचे लक्ष कामाकडून स्वतःकडे जसजसे वळते तसतसा त्याचा उपयोग कमी होतो. यात कौतुकही आले. 'तुला नजरच नाही' हे वाक्य जितके निरुपयोगी, तितकेच 'तू उपजत कलावंत आहेस' हेही, कारण दोन्हींनंतर माणूस स्वतःचा विचार करत बसतो आणि फ्लॅश आहे तिथेच राहतो. 'फ्लॅश दोन हात डावीकडे असता तर गुरुजींची सावली अंतरपाटावर पडली नसती' या वाक्यात कोणाची पात्रता निघत नाही, आणि पुढच्या मुहूर्ताला काय करायचे ते कळते.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यरचनाकारेने १९९० पासून कलाकृतीवरच्या चर्चेची एक पद्धत घडवली. आधी पाहणाऱ्यांनी त्यांना काय जाणवले, काय लक्षात राहिले ते सांगायचे. मग कलावंताने स्वतःचे प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी मत न लादणारे प्रश्न विचारायचे. आणि अगदी शेवटी, कलावंताची परवानगी घेऊन, मत द्यायचे. नाचाच्या तालमीसाठी निघालेली ही पद्धत लग्नाच्या फोटोंना छान लागू पडते, असे मला वाटते. 'हा फोटो इतका काळोखा का?' या प्रश्नात निकाल आधीच लागलेला आहे. 'इथे काय दाखवायचे होते?' असे विचारले तर उत्तर येते, 'समईचा उजेड ठेवायचा होता.' मग बोलणे त्या हेतूवर होते. समई दिसली, पण नवरीचा डोळा हरवला. समईजवळ एक लहानसा उबदार दिवा लपवला असता तर दोन्ही साधले असते. हेतू न विचारता केलेली टीका बहुधा टीका करणाऱ्याच्याच आवडीचे वर्णन असते.

यातूनच दुसरा मोठा आक्षेप निघतो. सहकाऱ्यांचे ऐकत राहिले तर सगळ्यांचे फोटो एकसारखे होतील. गेल्या काही वर्षांतले प्री-वेडिंगचे फोटो पाहिले तर या भीतीत तथ्य आहे हे मान्य करावे लागेल. तोच सूर्यास्त, तोच उडणारा लांब झगा, खिडकीला टांगलेला पोशाख, बुटावर ठेवलेल्या अंगठ्या. पण ही नक्कल पारितोषिक मिळालेले एकेकटे फोटो पाहून होते. दुसऱ्याच्या अख्ख्या दिवसाच्या फोटोंची नक्कल करता येत नाही, कारण प्रत्येक लग्नातली माणसे वेगळी असतात. साचा मोडायचा तर बैठकीत वेगवेगळ्या मुशीतली माणसे हवीत: रोलवर काम केलेला स्टुडिओवाला, ज्याला एका फोटोत चाळीस माणसे उभी करता येतात, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, जो गर्दीत वाट काढतो, व्हिडिओवाला, ज्याच्या ट्रायपॉडचा आपल्याला राग येतो आणि ज्याला आपल्या पाठीचा.

साच्याचा आणखी एक प्रकार जास्त बोचतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅककडून रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड जायचे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असायचा आणि तिची त्वचा ठीक दिसली की यंत्र ठीक लागले असे मानले जायचे. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचा तपशील त्यात हरवायचा, आणि ही तक्रार दूर व्हायला कित्येक वर्षे गेली. आज कार्ड गेले, पण सावळ्या नवरीला संगणकावर उजळ करून द्यायची सवय आपल्याच हातांत उरली आहे. घरचे मागतात म्हणून करतो, असे म्हटले जाते. इथे सहकाऱ्याने टोकले पाहिजे, आणि तेही तांत्रिक भाषेत: तिची त्वचा उजळताना हळदीचा रंग गेला, गालावरची सावली गेली, आईशी असलेले तिचे साम्य गेले. सावळा रंग तजेलदार यायला उजेड कुठून हवा, हे सांगणारा सहकारी त्या मुलीवर उपकार करतो, मग तिला ते कधी कळो वा न कळो.

'शेवटी पैसे पार्टी देते, मग मत तिचेच' हे म्हणणे मी थोडक्यात आटपतो. पैसे देणाऱ्याला काय हवे ते ठरवण्याचा हक्क पूर्ण आहे. ते कसे मिळवायचे हे त्याला ठाऊक असण्याची अपेक्षा नाही, आणि टीका हवी ती त्यासाठीच. 'स्पर्धकाला आपल्या चुका कशाला दाखवायच्या' या शंकेला मात्र या धंद्याची रचनाच उत्तर देते. लग्ने मुहूर्तावर होतात. चांगल्या तिथीला एकाच गावात सगळी कार्यालये भरलेली असतात आणि कोणाही एकाला ती सारी कामे घेता येत नाहीत. एक जण दुसऱ्याला ऑर्डर देतो, दुसरा तिसऱ्याला सेकंड शूटर म्हणून बोलावतो. शेजारच्या फोटोग्राफरचे काम कच्चे असेल तर ते उद्या आपल्याच नावावर जाणार असते. आणि मुहूर्तांमुळेच वेळही मिळतो. काढीव मुहूर्तांनी हंगाम लांबला असला तरी आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बऱ्याच ठिकाणी काम मंदावते. एरवी हा काळ लेन्सची बुरशी काढण्यात आणि थकलेली बिले मागण्यात जातो; त्यातल्या चार संध्याकाळी एकमेकांचे फोटो पाहायला देता येतात.

अडचण खरी आहे ती खासगीपणाची. हे फोटो दुसऱ्याच्या घरातले आहेत. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १७ सांगते, की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालकी हक्क काम देणाऱ्याचा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो बहुधा वधूवरांच्या घरच्यांचे असतात, फोटोग्राफरचे नव्हेत, आणि पुष्कळ फोटोग्राफर याबाबत उलट समजूत बाळगून असतात. त्यामुळे ठरवतानाच साध्या मराठीत एक ओळ लिहून घ्यावी: शिकण्यासाठी हे फोटो चार व्यावसायिक सहकाऱ्यांना बंद खोलीत दाखवले जातील, कोणाला प्रत दिली जाणार नाही. बहुतेक घरे याला हरकत घेणार नाहीत. जे घेतील त्यांचे फोटो दाखवू नयेत. आणि परवानगी असली तरी रडणे, नेसणे, भांडणे यांचे फोटो गाळावेत.

ज्याच्या गावात अशी बैठक नाही त्याला सेकंड शूटरच्या रूपाने एक सोय हाताशी असते, आणि ती फार थोडे वापरतात. लग्न पुन्हा होत नाही म्हणून वेगळे केले असते तर काय झाले असते हे कळत नाही, असे वर म्हटले. पण दोन माणसे तेच लग्न काढत असतात तेव्हा ते कळते. मुख्य फोटोग्राफर समोर होता, दुसरा गौरीहराच्या खोलीच्या दारात होता. एकाने फ्लॅश लावला, दुसऱ्याने नाही. एकाने अंतरपाट पडताना नवरीकडे पाहिले, दुसऱ्याने तिच्या वडिलांकडे. तोच उजेड, तीच माणसे, तेच दोन सेकंद. एरवी दुसऱ्याचे कार्ड रिकामे करून घेतात, त्याला दिवसाचे पैसे देतात आणि त्याने काय पाहिले हे अल्बमला लागतील तेवढ्या फोटोंपुरतेच पाहतात. त्याऐवजी दोघांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये वेळेच्या क्रमाने लावून दोघांनी शेजारी बसून पाहावेत, आणि हाताखालच्यानेही मुख्य माणसाच्या फोटोंवर बोलावे, त्यासाठी त्याला तसे आधीच सांगून ठेवावे. यासाठी सकाळी मांडवात शिरण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घ्यावी लागतात.